हिंदुरावांनी फाडायला लावलेलं चलान

हिंदुराव काटकरांची चूक काढायची कुणाची छाती नव्हती. त्याचं कारण एवढंच, की इतरांच्या चुका काढण्यात ते स्वतःच दिवसभर गुंतलेले असत. दूधवाल्याचं माप, मुलाच्या बुटांचं पॉलिश, शेजाऱ्याच्या स्कूटरचा स्टँड, गाझियाबादच्या मराठी मंडळातल्या आरतीचा ताल, सगळीकडे त्यांची नजर असे. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस घरी येताना फौज बाहेर ठेवून येत नाही, हे हौसाबाईंना लग्नानंतर दोन वर्षांतच कळून चुकलं होतं. त्या पोळ्यासुद्धा त्यांच्या ताटात एकावर एक अशा नीट रचून वाढत, कारण वाकडी रचलेली चवड पाहून नवरा जेवणाआधी पाच मिनिटं बोलेल याची त्यांना खात्री असे.

हिंदुराव मूळचे कोरेगाव तालुक्यातले, बॉम्बे सॅपर्सचे हवालदार. सॅपर म्हणजे फौजेचा तो जवान, जो पलटणीला पुढे जायचं असलं की पूल बांधतो आणि शत्रू मागे लागला की तोच पूल उडवतो. हिंदुरावांनी दोन्ही केलं होतं आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कँटचं. निवृत्तीनंतर गावी जायचं ठरलं होतं, पण थोरला महेश साहिबाबादच्या एका कारखान्यात चिकटला आणि काटकर कुटुंब गाझियाबादेत दोन खोल्यांत राहिलं ते राहिलंच. निवृत्त फौजी दिल्लीच्या आसपास करतो काय? बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. हिंदुरावही दहा वर्षं राहिले. लोक फॉर्म चुकीचे भरतात म्हणून बँकेच्या दारातून ते त्यांना ओरडत, एवढाच काय तो विरंगुळा.

सत्त्याण्णव साली त्यांचं नशीब उघडलं. गाझियाबाद आणि नोएडाच्या मधल्या शेतांत तेव्हा नुसती घाई चालली होती. आज जिथे मुळा लावलेला, तिथे सहा महिन्यांनी सात मजले. त्या मजल्यांना लागणारी रेती, खडी आणि विटा पूर्वेकडून, गंगेकाठचं गढ आणि हापूड यांच्या बाजूने, ट्रकांतून येत. रस्ता रुंद करायचा सरकारचा विचार होता आणि त्याआधी जुने पूल किती ओझं सोसताहेत हे मोजायचं होतं. हे काम दिल्लीतल्या एका नव्या कन्सल्टंट कंपनीला मिळालं. कंपनीला पुलावर उभा राहून माणसं हाकू शकेल असा माणूस हवा होता, आणि हिंदुरावांच्या सर्टिफिकेटवर चारित्र्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अनुकरणीय’. हा शब्द हौसाबाईंनी सगळ्या गल्लीला वाचून दाखवला होता. नवरा आता सुपरवायझर झाला, हेही त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

हिंदुरावांची वरिष्ठ होती देवयानी कर्णिक, वय सत्तावीस, स्ट्रक्चरल इंजिनियर. वडील केंद्र सरकारात, जन्म आणि शिक्षण सगळं दिल्लीत. मराठी ती छान बोलायची, पण मध्येच शब्द हरवायचा आणि तिथे हिंदी यायचं. एकटीने सांभाळायचं हे तिचं पहिलंच काम होतं. लोकांसमोर हिंदुराव तिला मॅडम म्हणत आणि सॅल्यूटला येणारा हात कसाबसा आवरत. ती त्यांना काका म्हणे.

बेचाळिसाव्या किलोमीटरला एका उथळ नदीवर साठच्या दशकातला, दोन खांबांवर तोललेला तीन गाळ्यांचा पूल होता. मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता त्यांनी त्याच्या पूर्वेच्या तोंडाशी तंबू ठोकला. बहात्तर तास, म्हणजे शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत, येणारा भरलेला ट्रक बाजूला घ्यायचा, त्याची चाकं वजनाच्या सपाट प्लेटांवर चढवायची, आकडा शीटवर उतरवायचा आणि ट्रक सोडून द्यायचा. पुलाखाली, तंबूकडच्या काठाजवळ, पूल तोलणाऱ्या गर्डरला एक तिरपी भेग होती. देवयानीने शिडीवर चढून तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरने चिकटवली.

“ही काच तुटली तर काका, समजायचं दरार उघडते आहे,” ती म्हणाली. “आणि एक लक्षात ठेवा. आपण फक्त वजन करायचं. ओव्हरलोड असला तरी काही बोलायचं नाही. चलान नाही, धमकी नाही. त्यांना चहा पाजा वाटलं तर. एकदा घाबरले की येणार नाहीत, आणि आले नाहीत तर आपण मोजणार काय?”

“बिल्कुल मॅडम,” हिंदुराव म्हणाले. हुकूम त्यांना नीट समजला होता. पटला मात्र नव्हता.

बुधवारी सकाळी देवयानी जीप घेऊन सहा किलोमीटरवरच्या टेलिफोन बूथवर गेली आणि इकडे एक रेतीचा ट्रक आला. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या उभ्या करून हौदा हातभर उंच केलेला, आणि त्यावरही रेतीचा ढीग. प्लेटांवर आकडा आला एकोणतीस टन. परवानगी सोळाची. हिंदुरावांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. चाळिशीचा, गळ्यात गमछा, एक दात सोन्याचा.

“शरम नहीं आती? पूल गिर जाएगा,” हिंदुराव म्हणाले.

“गिरेगा तो नया बन जाएगा, फौजी,” ड्रायव्हर हसला. “उसकी रेती भी मैं ही लाऊंगा.”

तंबूत बसलेले रात्रपाळीचे दोघेतिघे खो खो हसले. हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाड्या बाजूला घ्यायला ओमवीर नावाचा एक हवालदार पोलिसांकडून मिळाला होता. हिंदुरावांनी त्याला बोलावलं आणि चलान फाडायला लावलं. ओमवीर म्हणाला, रहने दो जी, मॅडम ने मना किया है. हिंदुराव गरजले. त्या आवाजापुढे ओमवीरने मुकाट्याने पावती फाडली. सोन्याच्या दाताचा ड्रायव्हर कागद घडी करून खिशात घालत निघून गेला.

देवयानी परतली तेव्हा हिंदुरावांनी तिला हे सांगितलं नाही. सांगायचं असं ठरवून विसरले, अशातला भाग नाही. सांगितलंच नाही. हुकूम मोडला होता हे त्यांना ठाऊक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोडला होता, त्यामुळे तो मोडल्यावर काय करायचं असतं याची त्यांना सवय नव्हती.

आणि मग एक चमत्कार झाला. बुधवारी दुपारपासून जे ट्रक आले ते सगळे सभ्य. नऊ टन, अकरा टन, आठ टन. फर्निचर, भाजी, रिकामे कॅरेट. हौद्यावर फळ्या चढवलेला एकही नाही. गुरुवारीही तेच. देवयानी शीट चाळत म्हणाली, “अजीब आहे ना काका? मंगळवारी मला वाटलं होतं फार वाईट निघेल. हे तर नॉर्मल आहे.” हिंदुरावांच्या छातीत एक गुदगुली झाली. एका चलानात सारा हायवे सरळ केला! मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. शिस्त लावायला कुणी नव्हतं इतकंच, असंही ते ओमवीरला म्हणाले. ओमवीर नाकातून हसला आणि दुसरीकडे बघायला लागला.

शुक्रवारी बाराच्या सुमाराला तंबूतली साखर संपली. हिंदुराव ओमवीरची मोटारसायकल घेऊन पूर्वेला निघाले. दीड-दोन किलोमीटरवर, रस्ता वळतो तिथे एक ढाबा होता. वळण घेतलं आणि त्यांनी गाडी तिथेच थांबवली.

ढाब्याच्या मागच्या मैदानात, आणि पुढे रस्त्याच्या कडेने नजर जाईल तिथपर्यंत, ट्रक उभे होते. रेतीचे, खडीचे, विटांचे. सगळ्यांच्या फळ्या चढवलेल्या. खाटांवर ड्रायव्हर पसरलेले, कुणी पत्ते कुटताहेत, कुणी हातपंपावर बनियन धुवून ट्रकच्या आरशाला वाळत घातलेलं. हिंदुरावांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. एकशे चौतीस.

“आओ फौजी साहब,” ढाबेवाल्याने हसून स्वागत केलं. “आपकी मेहरबानी से तीन दिन से मेला लगा है. आपने चालान काटा, और घंटे भर में गढ़ तक खबर थी.”

“तो ये... कब तक?”

“दो बजे तक. सर्वे दो बजे खत्म है ना? साइट वाले गालियां दे रहे हैं, काम बंद पड़ा है. दो बजे सब एक साथ निकलेंगे, देखना.”

हिंदुरावांनी घड्याळ पाहिलं. बारा पंचवीस. साखर न घेताच ते वळले.

ज्याने पूल बांधलेत त्याला दोन वाजता काय होणार हे सांगायला लागत नाही. रोज हे ट्रक येत तेव्हा विखुरलेले येत. एक आता, एक दहा मिनिटांनी. पूल कण्हत का होईना, सोसायचा. आता ते तीन दिवस साठले होते, आणि दोन वाजता नाकाला शेपूट लावून सुटणार होते. तीन गाळ्यांच्या पुलावर एका वेळी सात-आठ ट्रक, प्रत्येकी पंचवीस-तीस टनांचे, मध्ये अडकलेल्या बस, टेम्पो, स्कूटरवरची माणसं. जोखीम मोजायला आलेल्या माणसानेच जोखीम गोळा करून ठेवली होती. बंदुकीच्या गोळीला न घाबरलेले हिंदुराव त्या दोन किलोमीटरांत इतके घाबरले की पुलाजवळ आल्यावर मोटारसायकलचा स्टँड त्यांना दोनदा लागला नाही.

देवयानी तंबूत डबा उघडून बसली होती.

“मॅडम,” हिंदुराव म्हणाले, आणि मग, “पोरी, माझ्याकडून घाण झालीय.”

त्यांनी सगळं सांगितलं. चलान, हुकूम मोडला तो, दोन दिवस गप्प राहिलो ते, ढाब्यामागचे एकशे चौतीस ट्रक. काहीही मऊ करून सांगितलं नाही. देवयानीच्या हातातला घास हातातच राहिला.

“म्हणजे या सगळ्या शीट...”

“रद्दी.”

“तुम्ही मला बुधवारी का नाही सांगितलंत?”

तिने डबा बंद केला. रागाने तिचे कान लाल झाले होते, पण ती ओरडली नाही, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं हिंदुरावांना वाटलं. तिने एका कागदावर चार ओळी खरडल्या आणि जीपच्या ड्रायव्हरला पिटाळलं. आधी बूथवरून पोलीस ठाण्याला फोन कर, मग गाझियाबादला बांधकाम खात्याच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनियरला, नाही भेटले तर त्यांच्या घरी जा.

“पूल बंद करायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही,” ती म्हणाली. “ते येईपर्यंत काय करायचं?”

“एका वेळी एक गाडी,” हिंदुराव म्हणाले. “माणसाच्या चालीने. पुलावर गिअर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही. एक उतरली की दुसरी. आम्ही रणगाडे असेच काढायचो.”

“मग मी खाली थांबते. काचेजवळ.”

“नाही.”

“कुणीतरी बघायला पाहिजे ना काका? तुटली तर मी शिट्टी मारेन. तुम्ही वर असणार, ओमवीर पलीकडच्या टोकाला. तिसरं कोण आहे?”

तिसरं खरंच कुणी नव्हतं. तंबूतली बाकीची माणसं रात्रपाळीची, सकाळीच गेलेली. देवयानीने डोक्याला ओढणी बांधली. हिंदुरावांनी तिच्या गळ्यात आपली शिट्टी अडकवली, आणि ती उतारावरून खाली गेली.

दोनला पाच कमी असताना पहिला ट्रक वळणावर दिसला. मग त्याच्या मागे सगळा रस्ताच हलायला लागला. धुळीचा लोट, भोंगे, आणि एकमेकांच्या पुढे घुसायची धडपड. हिंदुराव लाल आणि हिरवी झेंडी घेऊन पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर रुमाल. पहिल्या ट्रकने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. हिंदुराव हलले नाहीत. बंपर त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला.

“एक-एक करके जाएगा!” ते ओरडले. “पैदल की चाल से! जो उतावला होगा, वो मेरे ऊपर से जाएगा!”

आवाज अजून शाबूत होता. हिरवी झेंडी पडली, पहिला ट्रक पुलावर चढला आणि हिंदुरावांना पायाखाली पूल हललेला जाणवला. तो हलतोच, प्रत्येक पूल हलतो, हे त्यांना माहीत होतं. पण त्या प्रत्येक पुलाखाली देवयानी उभी नव्हती. पलीकडे ओमवीरने काठी वर केली. दुसरा. ओमवीरची काठी. तिसरा. मध्ये बस आली, तीही एकटीच गेली. मागे भोंग्यांनी रान उठवलं होतं. कुणीतरी खडा मारला तो त्यांच्या खांद्याला लागला. अकरा, बारा, तेरा. तोंडाला कोरड पडली, पण पाणी प्यायला झेंडी खाली ठेवायची त्यांची तयारी नव्हती. प्रत्येक ट्रक सोडताना ते मनात एकच म्हणत, शिट्टी नको, शिट्टी नको. चोवीस. एकतीस. छत्तीस.

सदतिसावा विटांचा होता. तो पहिल्या गाळ्याच्या मध्यावर पोहोचला आणि खालून शिट्टी वाजली. एकदा नाही. लांब, जीव तोडून, थांबत नव्हती.

विटांचा ट्रक पलीकडे उतरला, पण अडतिसावा शिट्टीला न जुमानता पुढे आला होता. त्याची पुढची चाकं पुलावर चढली. हिंदुरावांनी लाल झेंडी फेकून दिली आणि दोन्ही तळहात त्याच्या रेडिएटरच्या जाळीवर टेकवले. जाळी तापलेली होती. हात भाजले तरी त्यांनी काढले नाहीत.

“हट जा फौजी!” वरून ड्रायव्हर ओरडला. सोन्याचा दात चमकला. “तीन दिन बिठाया तूने! पहले चालान, अब ये!”

“चालान मेरी गलती थी,” हिंदुराव म्हणाले. “तू मुझे मार ले, उतर के मार ले. मगर आगे मत आ. नीचे लड़की खड़ी है.”

ड्रायव्हर दार उघडून उतरला, कठड्यापाशी गेला आणि वाकला. खाली देवयानी गर्डरकडे तोंड करून अजून शिट्टी वाजवत होती. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने ट्रक मागे घेतला, मागच्यांना शिव्या घालत जागा करून घेतली आणि मग स्टिअरिंग कचाकच फिरवून तो अख्खा ट्रक रस्त्यावर आडवा लावला. किल्ली काढून कमरेला खोचली.

“अब कोई माई का लाल नहीं निकलेगा,” तो गर्दीकडे बघून ओरडला, आणि ट्रकच्या सावलीत बसून बिडी पेटवली.

देवयानी वर आली ती रुमालात काचेचे दोन तुकडे घेऊन. हिंदुरावांनी ते भाजलेल्या तळहातावर घेऊन पाहिले. तिने त्यांना पाणी पाजलं.

एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साडेचारला पोहोचले. सोबत पोलिसांची गाडी. तोवर रांग चार किलोमीटर झाली होती. साहेब खाली जाऊन गर्डर बघून आले, घाम पुसला, आणि तंबूत बसून सर्व्हेच्या शीट मागितल्या. मंगळवारचं पान सोडून एकेक पान उलटत गेले तसे त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

“नौ टन, ग्यारह टन... मॅडम, इस ट्रॅफिक से ये पूल नहीं टूटता. पुराना क्रॅक है, और काच का क्या, मई की गरमी में चटक जाती है. प्लॅस्टर करवा देंगे. दो हफ्ते में गंगा दशहरा है, लाखों लोग गढ़ जाएंगे, पूल बंद रखूंगा तो ऊपर से नीचे तक जवाब मैं दूंगा. आपकी शीट पे लिख देता हूं, पूल ठीक है.”

“सर, बाहर जो खड़े हैं...” देवयानी म्हणाली.

“बाहर एक दिन का जाम है. तीन दिन का रिकॉर्ड ये है.” त्यांनी पेनचं टोपण काढलं.

देवयानीने हिंदुरावांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती नजर हिंदुराव मरेपर्यंत विसरणार नव्हते. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती बोलू शकली असती. पण बोलायचं म्हणजे या म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं, ते तिच्याने होत नव्हतं. हिंदुरावांच्या मनात काय आलं ते खरं सांगायचं तर फार थोर नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सर्टिफिकेटवरचा तो शब्द आला. गल्लीतल्या बायकांना तो वाचून दाखवणाऱ्या हौसाबाई आल्या. गप्प बसलं तर काय बिघडतं? कागद स्वच्छ होते, नोकरी होती, नाव होतं. फक्त पंधरा दिवसांनी त्या पुलावरून बायाबापड्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जाणार होत्या, आणि मधूनमधून एकोणतीस टनांची रेती.

“साहब, वो शीट झूठी है,” हिंदुराव उठून उभे राहिले. “मेरी वजह से झूठी है. कागज़ दीजिए, मैं लिख के देता हूं.”

त्यांनी उभ्यानेच, ट्रंकेवर कागद ठेवून, गोल गोल अक्षरांत लिहिलं. हुकूम असताना तो मोडून मी चलान फाडायला लावलं. त्यामुळे जड गाड्या बुधवारपासून सर्व्हेत आल्याच नाहीत. ही गोष्ट मी वरिष्ठांपासून लपवली. मॅडमचा यात काहीही दोष नाही. सर्व्हे रद्द समजावा. बाहेर उभे असलेले ट्रक आत्ता मोजावेत. खाली सही केली, फौजेतला नंबर लिहिला आणि हवालदार हा हुद्दा लिहिताना त्यांचं पेन थोडं अडखळलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चेहऱ्यावर वैताग होता, पण असा कागद हातात आल्यावर ‘पूल ठीक है’ लिहायची हिंमत कुठल्या सरकारी माणसाला होते? आडव्या लावलेल्या त्या ट्रकपासून मोजणी सुरू झाली. सोन्याच्या दाताचा ड्रायव्हर स्वतः प्लेटांवर चढला. अठ्ठावीस टन. मागचा सत्तावीस. त्याच्या मागचा एकतीस.

जड वाहनांना पूल बंद झाला आणि ट्रक लांबच्या रस्त्याने वळवले गेले. सोमवारी कंपनीने हिंदुरावांना काढलं, पत्रात कारणही छापलं. देवयानीला नव्याने सगळं काम करावं लागलं. ती एकदा घरी येऊन गेली, हौसाबाईंनी केलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, जाताना हिंदुरावांच्या पाया पडली. हौसाबाई मात्र फुगून बसल्या होत्या. “कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” त्या महिनाभर घोकत होत्या. “सगळ्या जगाच्या चुका काढता, ती एक स्वतःची पोटात ठेवायला काय झालं होतं? मंडळात तोंड दाखवायची सोय नाही राहिली.” हिंदुराव ऐकून घेत. दूधवाल्याचं मापही त्यांनी तपासणं सोडलं होतं, आणि हे हौसाबाईंना जास्त लागत होतं.

गंगा दशहऱ्याच्या स्नानाची गर्दी ओसरल्यावर, जूनच्या शेवटी, हौसाबाईंनी गंगास्नानाचा हट्ट धरला. दोघं गढच्या बसमध्ये बसली. बेचाळिसाव्या किलोमीटरला बस थांबली. पुलाच्या तोंडाशी लोखंडी कमान, दोन पोलीस, पाटी. भरलेली बस पुलावर न्यायला बंदी. सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मागून रिकामी बस येणार. उन्हाचा नुसता जाळ झाला होता. साठ-सत्तर माणसं पोरंबाळं, बोचकी घेऊन उतरली आणि शिव्या द्यायला लागली.

“अच्छा-भला पूल था,” एक जाडे गृहस्थ घाम पुसत म्हणाले. “कोई पागल फौजी था, उसने लिख के दे दिया. पता नहीं कौन गधा था.”

चार जण हसले. हिंदुराव खाली मान घालून चालत होते. त्यांनी हौसाबाईंची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पावलं जरा भरभर टाकायला सुरुवात केली. हौसाबाई चालल्या नाहीत. त्या कठड्यापाशी थांबल्या, खाली वाकून पाहिलं. गर्डरखाली लोखंडी खांबांचे टेकू लावलेले होते, आणि त्या टेकूंच्या मधून ती भेग वरूनही दिसत होती. हात घालता येईल एवढी झाली होती.

त्या वळल्या. पंचवीस वर्षं उत्तरेत काढूनही हौसाबाईंचं हिंदी कोरेगावच्या बाहेर गेलं नव्हतं, पण आवाज पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा होता.

“ओ भाईसाब! किसको गधा बोलता है? ये देखो, ये मेरा घरवाला है. इसनेच लिख के दिया. नौकरी गया, नाव गया, तो भी लिख के दिया. और तुम अबी जिंदा चल रहा है ना? तो गप चलो!”

जाड्या गृहस्थांनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि मग हिंदुरावांकडे. हिंदुराव उन्हात उभे होते, पिशवी हातात, आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. हौसाबाई आल्या, त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, “चला आता. आणि ताठ चाला जरा.”